उलट्या धारेची तलवार

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या दोन जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. एकानं विचारलं, 'सर, तब्येत बरी आहे ना?' दुसरा म्हणाला, 'आयुष्यभर शंकराचार्य आणि कांट शिकवलेत, आता कार्टूनवर बोलणार?' मी त्यांना दोष देत नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं.

झालं असं की माझा नातू अकरावीला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो सारखा मोबाईलमध्ये जपानी मालिका बघत बसायचा. मी रागावलो. तो म्हणाला, 'आबा, एक भाग बघा. नाही आवडला तर मी बंद करतो.' मी बसलो, आणि नंतर महिनाभर आम्ही दोघं रोज रात्री जेवण झाल्यावर ती मालिका बघत होतो. तिचं नाव 'रुरोनी केनशिन'. नोबुहिरो वात्सुकी या चित्रकथाकारानं ती १९९४ ते १९९९ या काळात एका साप्ताहिकात लिहिली आणि काढली. १९९६ पासून ती दूरचित्रवाणीवर आली आणि २०२३ पासून नव्यानं पुन्हा सुरू झाली. म्हणजे तीस वर्षं झाली, तरी हा माणूस जुना होत नाही. का होत नाही, हे समजून घ्यायचा प्रयत्न आज करू.

आधी गोष्ट सांगतो, कारण निम्म्या लोकांना ती माहीत नसणार.

साल १८७८. जपानमध्ये मेइजी राजवट येऊन दहा वर्षं झालीत. सामुराईंची सत्ता संपली, सम्राटाचं सरकार आलं, आगगाडी आली, पाश्चात्त्य कपडे आले. अशा तोकियो शहरात एक बारीक अंगाचा, तांबड्या केसांचा, अठ्ठावीस वर्षांचा माणूस चालत येतो. डाव्या गालावर फुलीसारखा व्रण. बोलणं अतिशय नम्र. स्वतःला 'मी' म्हणताना तो जुना, स्वतःकडे कमीपणा घेणारा शब्द वापरतो. आपल्याकडे जुने लोक 'मी पामर' म्हणायचे ना, तसा. कपडे धुतो, स्वयंपाकात मदत करतो, मुलांशी खेळतो. कमरेला मात्र तलवार.

हा केनशिन हिमुरा. क्रांतीच्या काळात, वयाच्या चौदाव्या वर्षापासून, नव्या राजवटीच्या बाजूनं त्यानं गुपचूप माणसं मारली. 'हितोकिरी' म्हणजे माणसं कापणारा, आणि 'बात्तोसाई' हे त्याचं भीतीनं घेतलं जाणारं नाव. १८६८ साली त्याची बाजू जिंकली. जिंकणाऱ्यांना पदं मिळाली, बंगले मिळाले. यानं तलवार रणांगणातच जमिनीत रोवली आणि तो निघून गेला. यापुढे कुणाला मारायचं नाही, एवढीच प्रतिज्ञा करून दहा वर्षं पायी फिरला.

आता इतिहास आणि कल्पना वेगळ्या करू. केनशिन काल्पनिक आहे. पण त्याच्यामागे कावाकामी गेन्साई नावाचा खरा माणूस आहे. त्या काळातल्या चार कुप्रसिद्ध हितोकिरींपैकी तो एक. नव्या सरकारशीही त्याचं पटलं नाही आणि त्याच सरकारनं त्याला देहदंड दिला. वात्सुकीनं त्याच्यावरून केनशिन घडवला. मला वाटतं लेखकानं स्वतःला एक प्रश्न विचारला असावा: हा माणूस मारला गेला नसता, आणि त्याला पश्चात्ताप झाला असता, तर?

दुसरी खरी गोष्ट. मार्च १८७६ मध्ये जपान सरकारनं कायदा केला की लष्कर, पोलीस असे काही अधिकारी सोडले तर कुणीही उघडपणे तलवार बाळगायची नाही. शेकडो वर्षं कमरेला असलेली वस्तू एका हुकमानं गेली. पुढच्याच वर्षी सात्सुमा प्रांतातल्या नाराज सामुराईंनी बंड केलं. त्यांचा नेता साइगो ताकामोरी हा नव्या राजवटीचाच एक शिल्पकार होता. शेतकऱ्यांच्या पोरांमधून भरती केलेल्या, बंदुका घेतलेल्या फौजेनं ते बंड मोडलं. म्हणजे केनशिन तोकियोत येतो तेव्हा त्याच्या कमरेची तलवार बेकायदा आहे, आणि तिचा काळ उलटून गेला आहे हे सिद्ध होऊनही काही महिने झालेत.

इथे एक गंमत बघा. आपण 'पारंपरिक सामुराई' म्हणतो तो कुठून आला? १६०३ ते १८६८ या तोकुगावा काळात जपानमध्ये बहुतांश शांतताच होती. सामुराई काय करायचे? हिशेब ठेवायचे, कचेरीत बसायचे, तांदळाच्या रूपानं मिळणाऱ्या वेतनावर जगायचे. तलवार फारशी उपसली जात नव्हती, आणि नेमक्या त्याच काळात तलवारीवर सर्वांत जास्त तत्त्वज्ञान लिहिलं गेलं. आणि 'बुशिदो', योद्ध्याचा धर्म, हा शब्द जगाला ज्या पुस्तकानं शिकवला ते इनाझो नितोबे यांचं पुस्तक १९०० च्या सुमारास अमेरिकेत, इंग्रजीत प्रसिद्ध झालं. तेव्हा जपानमध्ये सामुराई उरलेच नव्हते. शस्त्र हातातून सुटलं की ते भिंतीवर जातं, आणि भिंतीवरून हळूहळू मनात जाऊन बसतं. हे फक्त जपानचं नाही. याकडे मी परत येणार आहे.

आता मुख्य वस्तू, केनशिनची तलवार. जपानी कताना एकधारी असते आणि किंचित वळलेली. धार वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे समोरच्याकडे. आतली बाजू बोथट, जाड. केनशिनच्या तलवारीत हे उलटं आहे. तिला 'साकाबातो' म्हणतात, उलट्या धारेची तलवार. समोरच्याला लागतो तो बोथट भाग. धार आहे, पण ती स्वतःकडे वळलेली. त्याला कुणाला कापायचं असेल तर मुद्दाम मनगट फिरवून तलवार उलटी करावी लागेल. म्हणजे चुकून, रागाच्या भरात, सवयीनं हत्या होणार नाही. हत्या करायची तर ठरवूनच करावी लागेल. प्रतिज्ञा मनात ठेवली तर ती विसरता येते, म्हणून त्यानं ती लोखंडात घातली.

पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. कामिया काओरू नावाची तरुणी वडिलांची तलवारबाजीची शाळा चालवते. तिथलं ब्रीद असं की तलवार माणसाला जगवण्यासाठी असते. ही कल्पना लेखकाची नाही. १६३२ साली याग्यू मुनेनोरी या तलवारगुरूनं आपल्या ग्रंथात 'मारणारी तलवार' आणि 'जगवणारी तलवार' असे भाग केले आहेत. तर एक गुंड काओरूची टिंगल करतो. त्यावर केनशिन जे बोलतो त्याचा आशय असा: तलवार हे शस्त्र आहे, तलवारविद्या ही मारण्याची विद्या आहे, कितीही गोड शब्द वापरा, सत्य हेच. काओरू बोलते ते हात कधी न माखलेल्या माणसाचं बोलणं आहे. पण मला त्या सत्यापेक्षा हिचं हे गोड असत्य आवडतं, आणि तेच पुढे जगाचं सत्य व्हावं असं वाटतं.

मी तिथे नातवाला म्हणालो, थांबव. मला दोन मिनिटं विचार करू दे.

का? कारण आपण शस्त्राबद्दल बोलताना बहुतेक वेळा दोनच गोष्टी करतो. एक तर शस्त्राचा गौरव करतो आणि ते माणसं मारतं हे बोलत नाही. नाही तर शस्त्र म्हणजे पाप म्हणतो आणि आपल्यालाही कुणीतरी शस्त्रानंच राखलं हे बोलत नाही. हा माणूस दोन्ही बाजू एका वाक्यात बोलतो. सत्य काय ते मला माहीत आहे, आणि काय असायला हवं तेही माहीत आहे. या दोन्हींच्या मधल्या अंतरात मी उभा आहे, असं तो म्हणतो. नीतिशास्त्र शिकवताना 'आहे' आणि 'असावे' यांतला फरक मी वर्गात वर्षानुवर्षे सांगितला. इतक्या सोप्या रीतीनं मला तो कधी सांगता आला नाही.

आपल्या कथांशी ताडून बघू. वाल्या कोळी. नारदानं विचारलं, तुझ्या पापात घरचे वाटेकरी होतील का? घरच्यांनी नाही म्हटलं आणि वाल्यानं ती वाटच सोडली. दुसरा अंगुलीमाल. भगवान बुद्धांसमोर त्यानं शस्त्र टाकलं, भिक्खू झाला. पण कथेचा पुढचा भाग आपण कमी सांगतो. तो भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारायचे, रक्तबंबाळ होऊन तो परत यायचा, आणि बुद्ध त्याला म्हणायचे, सहन कर. माणूस बदलला तरी केलेल्या कर्माचं देणं उरतंच.

केनशिनचं तिसरंच. तो वाटही सोडत नाही, शस्त्रही टाकत नाही. जगात दुबळ्यांना छळणारे लोक अजून आहेत, आणि आपल्या हातात कला आहे, ती टाकून दिली तर त्या दुबळ्याचं काय, असा त्याचा प्रश्न. जैन परंपरेत हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली हिंसा, गृहस्थालाही वर्ज्य. विरोधी, म्हणजे संरक्षणासाठी घडणारी हिंसा, गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, पण तीही हिंसाच, तिचंही बंधन लागतंच. केनशिन या चौथ्या घरात उभा आहे. आणि 'बंधन लागतंच' हे तो विसरत नाही.

आता टीका. मी भक्त म्हणून इथे आलेलो नाही.

पहिला आक्षेप: बोथट असली तरी ती लोखंडाची पट्टी आहे. तिच्या फटक्यानं हाडं मोडतात. मालिकेत माणसं पडतात, कण्हतात, आणि मरत मात्र नाहीत. खऱ्या जगात मेली असती. दुसरा आक्षेप जास्त गंभीर. शिशिओ नावाचा मोठा खलनायक आहे. केनशिननंतर तोच हितोकिरी होता आणि सरकारनं काम झाल्यावर त्याला मारून, जाळून टाकायचा प्रयत्न केला. त्याचं तत्त्वज्ञान: बलवान जगतो, दुबळा मरतो. शेवटी त्याला केनशिन मारत नाही. जुन्या भाजलेल्या शरीराच्या उष्णतेनं तो स्वतःच पेटतो. म्हणजे पेच पडला तेव्हा लेखकानं नायकाला अलगद बाहेर काढलं. तुम्हाला-मला अशी सोय मिळत नाही.

पण लेखक एका ठिकाणी पळ काढत नाही, आणि ती जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. केनशिनच्या हातून त्याची पत्नी तोमोए मारली गेली होती, नकळत. गालावरच्या फुलीची एक रेघ तिनं ओढलेली. वर्षांनंतर तिचा भाऊ एनिशी सूड घ्यायला येतो. केनशिननं दहा वर्षांत शेकडो लोकांना वाचवलेलं आहे. एनिशीला त्याचं काय? त्याची बहीण एकच होती. इथे जमा-खर्च लागत नाही. शंभर वाचवले म्हणून एक वजा होत नाही. केनशिन कोलमडतो, जगण्याची इच्छा सोडतो. मग उठतो, तो हिशेब पुरा झाला म्हणून उठत नाही. हिशेब कधीच पुरा होणार नाही आणि तरी काम करत राहायचं, हे कळल्यावर उठतो.

त्याच्या गुरूनं त्याआधीच त्याला शेवटचा डाव शिकवताना सांगितलेलं असतं की स्वतःचा जीव कवडीमोल समजणाऱ्याला हा डाव जमणार नाही. अपराधी माणसाला मरून जाणं सोपं वाटतं. जगून उत्तर देत राहणं अवघड.

आता आपल्या मातीकडे येतो.

आपल्या जिल्ह्यात असई गाव आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेशी लढाई झाली. शिंद्यांकडे युरोपियन पद्धतीनं कवायत शिकवलेल्या पलटणी होत्या, उत्तम तोफखाना होता. दोन्ही बाजूंची माणसं दुपारभरात हजारोंनी पडली, ती मुख्यतः तोफांनी, बंदुकांनी, संगिनींनी. तलवारबहाद्दराचा काळ आपल्याकडे तेव्हाच मावळायला लागला होता, केनशिनच्या पंचाहत्तर वर्षं आधी. आणि जपानसारखंच झालं. तलवार घरात आली, भिंतीवर गेली, दसऱ्याच्या पूजेत बसली.

आमच्याही घरी एक होती. मी ती पाहिलेली नाही.

माझे आजोबा, त्यांना घरात सगळे आण्णा म्हणत. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांची भीती होती. आण्णांनी भिंतीवरची तलवार काढली, धार लावून घेतली, गावातल्या माणसांबरोबर रात्री गस्त घालायला लागले. हे मला आजीनं अभिमानानं सांगितलं. मग सप्टेंबरात भारतीय फौज आली, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. तो आपला मुक्तिदिन, आपण झेंडावंदन करतो, केलंच पाहिजे. पण त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशी गरीब माणसं मारली गेली. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं हे नोंदवलं. तो अहवाल कितीतरी दशकं लोकांसमोर आला नाही.

त्या दिवसांत आण्णा आठ-दहा दिवस घरी नव्हते. परत आले आणि दुसऱ्या दिवशी तलवार घेऊन लोहाराकडे गेले. तिचे तुकडे केले. एका तुकड्याची विळी झाली. ती विळी मी लहानपणापासून पाहिली. आजीनं तिच्यावर भाजी चिरली, नंतर आईनं. ती कशाची आहे हे आजीनं मला मी दहा-अकरा वर्षांचा असताना सांगितलं. ते आठ-दहा दिवस आण्णा कुठे होते, कुणाला वाचवायला गेले होते की आणखी कशाला, हे तिनं सांगितलं नाही. तिला माहीत होतं की नव्हतं, तेही मला कळलं नाही. आण्णा मी कॉलेजात असताना गेले. मी त्यांना विचारलं नाही. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली, नैतिक जबाबदारीवर शेकडो तास बोललो, आणि घरातल्या घरात हा एक प्रश्न विचारायचं धैर्य झालं नाही.

मालिका बघताना साकाबातो पहिल्यांदा पडद्यावर आली, तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेलो. विळीवर बसणाऱ्याला ठाऊक असतं, पण मी कधी लक्ष दिलं नव्हतं. सुरी धरली की धार समोर, खाली. विळीची धार मात्र तिच्यासमोर बसणाऱ्याकडे असते. जरा चुकलं तर बोट आपलं कापतं.

आण्णांनी हा विचार करून विळी केली असं मी म्हणणार नाही. लोहाराला पातं वक्र मिळालं, त्यानं विळी केली, इतकंच असेल. आपलं जालना लोखंडाचं गाव आहे. एमआयडीसीतल्या भट्टीत काय-काय भंगार जातं आणि सळई होऊन बाहेर येतं. लोखंडाला काही आठवत नाही. आठवायचं ते माणसानं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याला वारशात तलवार मिळते, तेव्हा तिचा हिशेबही मिळतो. आपण तलवार घेतो आणि हिशेब टाकून देतो. मिरवणुकीत ती नाचवतो, गाडीच्या मागच्या काचेवर तिचं चित्र लावतो. तिची धार नेहमी दुसऱ्याकडे असते. त्यांनी काय केलं, त्यांच्या आजोबांनी काय केलं. केनशिन मला मोठा वाटतो तो त्याच्या वेगामुळे नाही. तो म्हणतो, परंपरा मी सोडणार नाही, विद्या सोडणार नाही, पण धार माझ्याकडे राहील. पहिला प्रश्न मला.

तरुण मित्रांनो, तुम्ही ही मालिका लढायांसाठी बघता. जरूर बघा, मलाही त्या आवडल्या. पण पुढच्या वेळी तो तलवार उपसेल तेव्हा धार कुठल्या बाजूला आहे ते बघा. आणि घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा. अजून वेळ आहे तोवर विचारा. उत्तर मिळेलच असं नाही.

(टाळ्या)

प्रश्न (श्रोत्यांतून एक विद्यार्थिनी): सर, मग खंडेनवमीला शस्त्रपूजा करायची की नाही?

उत्तर: करायची. आमच्या घरी होते. पाटावर कोयता असतो, खुरपं असतं, माझ्या नातवाच्या आग्रहामुळे लॅपटॉपही असतो. आणि ती विळी असते. हळद-कुंकू मीच लावतो. आता नातवाला तिची गोष्ट पूर्ण सांगितली आहे, मला माहीत नाही तो भागही. त्यानं विचारलं, 'आबा, तुम्हाला काय वाटतं, आण्णांनी काय केलं असेल?' मी म्हणालो, 'मला माहीत नाही. पण तू विचारलंस, हे बरं झालं.'